दादा, नवा लॅपटॉप वहिनीला घे

हॅम्बुर्ग
8 फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "मोहर चांगला धरलाय, हंगामाआधी एक पातळसा लॅपटॉप घेऊन टाकतो." मी गाडीत होतो, नुसतं हो हो केलं. रात्री पडल्यावर मात्र वाटलं, हे असं सोडून देण्यासारखं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय. वहिनीलाही वाचायला दे, बरंचसं तिच्याबद्दलच आहे.

आधी तुझा जुना. 2018 साली घेतलास. त्याच वर्षी ऑक्टोबरात हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आणि तू त्या मानांकनाचे सगळे कागद या लॅपटॉपवरच तयार केलेस. गेल्या मेमध्ये मी पडवीत बसून तो उघडला होता, आठवतं ना? पंख्याच्या पात्यांवर आढीतल्या पेंढ्याचा भुसा आणि तांबडी माती यांचा असा थर बसला होता की दात घासायच्या जुन्या ब्रशने खरवडून काढावा लागला. त्याच वेळी आत नीट पाहून घेतलं. रॅमची, म्हणजे काम चालू असताना लागणाऱ्या मेमरीची 4 जीबीची एकच पट्टी, शेजारची खाच रिकामी, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. ऑर्डरींची एक्सेल फाइल उघडेपर्यंत तुझा चहा निवतो तो या डिस्कमुळे. प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे, म्हणजे विंडोज 11 त्याला चालतं. विंडोज 10 चे फुकटचे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाले, तेव्हा 11 वर जायलाच हवं. पण तेवढ्यासाठी नवीन मशीन घ्यायची गरज नाही. डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क बसव, रिकाम्या खाचेत 8 जीबीची पट्टी घाल. तुझा लॅपटॉप पॅकिंगच्या खोलीतल्या टेबलावरून वर्षभर हलत नाही. तो दोन किलोंचा काय आणि एक किलोचा काय, तुला काय फरक पडतो?

फरक वहिनीला पडतो. यू-डायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती, परीक्षेचे निकाल, सगळं ती घरचा तो दुसरा लॅपटॉप खांद्याला लावून करते. मी मेमध्ये वजनकाट्यावर ठेवून पाहिला होता. लॅपटॉप आणि चार्जर मिळून पावणेतीन किलो. आज चांगला हलका लॅपटॉप सव्वा किलोच्या आसपास येतो, चार्जरही मोबाइलच्या चार्जरपेक्षा थोडाच मोठा. दोन्ही धरून सव्वा किलो तरी कमी होईल, म्हणजे पाव किलोचे पाच हापूस. एसटीच्या फाट्यापासून शाळेपर्यंतचा चढ, पावसात एका हातात छत्री, दुसऱ्या खांद्यावर हे ओझं. तिने कधी तक्रार केली नाही म्हणून आपल्या कुणाच्या ते लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही. दादा, पातळ लॅपटॉप घ्यायचाच असेल तर तो तिला घे.

पातळ मशीन दुबळं असतं असं बाबा म्हणतात, आणि एके काळी ते खरंच होतं. 2008 मध्ये अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्सनी कागदी पाकिटातून पहिला मॅकबुक एअर हा पातळ लॅपटॉप काढून दाखवला तेव्हा लोक थक्क झाले, पण त्यात 80 जीबीची मंद डिस्क आणि यूएसबीची एकच खाच होती. आता तसं राहिलेलं नाही. 2020 च्या अखेरीस आलेल्या एम-1 चिपच्या एअरमध्ये तर पंखाच नव्हता, तरी तो झपाट्याने चालायचा. पंखा नसला की आपल्याकडचा खारा वारा आणि धूळही आत ओढली जात नाही, हा मला मोठाच फायदा वाटतो. आणि पावसाळ्यात लाइट दिवसदिवस जाते तेव्हा अशा मशीनची बॅटरी शाळेची वेळ सहज काढते.

आता यातलं दुखणं सांगतो. मी इथे आल्यावर घाईने एक पातळ लॅपटॉप घेतला, 8 जीबीचा. दोन वर्षांत रॅम पुरेना. दुकानात नेला तर म्हणाले, रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, वाढवता येत नाही. मग गेल्या हिवाळ्यात टचपॅड दाबेना. खालून पाहिलं तर बॅटरी फुगून पत्रा वर उचलला गेला होता. ती आत चिकटवलेली, बदलायला जवळपास निम्मी किंमत मागितली. म्हणून सांगतो, घेतानाच 16 जीबी रॅमचा घे, त्याहून कमी नको. शाळेच्या प्रोजेक्टरची वायर लावायला एचडीएमआयची खाच लागते, ती बाजूला आहे ना, स्वतः बघ. बॅटरी बदलून कुठे मिळते, कणकवलीत की थेट कोल्हापूरला पाठवावी लागते, हे पैसे देण्याआधी विचार. जाडीवर जाऊ नकोस, काट्यावरचं वजन बघ. दिसायला सुरीसारखे पातळ पण हातात घेतल्यावर जड, असेही असतात.

आणि छोट्याला यावर व्हिडिओ एडिट करायचे असतील तर त्याला समजावून सांग. एवढ्याशा अंगातून उष्णता बाहेर पडायला वाट कमी असते, त्यामुळे सलग जोराचं काम दिलं की मशीन तापू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतं. त्याच्यासाठी पुढे वेगळं बघू.

निम्मे पैसे मी पाठवतो, नाही म्हणू नकोस. वहिनीला रंग तिचा तिला निवडू दे. पावसात लॅपटॉप घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायचा, मीठ ठेवतो तसा.

तुझा जुना उघडायला लागणारे बारीक स्क्रू-ड्रायव्हर माळ्यावरच्या निळ्या डब्यात आहेत, आजीच्या पानाच्या डब्याशेजारी. मागच्या बाजूचे स्क्रू लहान-मोठे आहेत, काढशील तसे कागदावर त्याच क्रमाने ठेव. अडलं तर व्हिडिओ कॉल कर, रविवारी दुपारनंतर मी घरीच असतो.

आई-बाबांना नमस्कार.

तुझा
धाकटा