मलमांना सवलत कशासाठी?

संपादक महोदय,

प्रतिजैविकांच्या गैरवापराची चर्चा बहुधा गोळ्या आणि इंजेक्शनांपाशीच थांबते. त्वचेवर चोळल्या जाणाऱ्या मलमांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पावसाळ्यात केसतूड उठले किंवा मुलांच्या नाकाखाली पिवळ्या खपल्या धरल्या, की लोक थेट औषधाच्या दुकानात जातात आणि संपलेल्या ट्यूबचा मोबाइलवरचा फोटो दाखवून 'हीच द्या' म्हणतात. दुकानदारही देतो, कारण त्याने नाही दिली तर शेजारचा देईल.

या दुखण्यांमागे अनेकदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू असतो. पेनिसिलिनला तो काही वर्षांतच पुरून उरला. त्यावर उतारा म्हणून आलेल्या मेथिसिलिनला न जुमानणारे जिवाणू ब्रिटनमध्ये १९६१ सालीच आढळले. मलमांचेही तसेच. न्यूझीलंडमध्ये १९९१ पासून म्युपिरोसिन या प्रतिजैविकाचे मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळू लागले आणि १९९९ पर्यंत तिथले २८ टक्के स्टॅफिलोकॉकस त्याला दाद देईनासे झाले. २००० मध्ये चिठ्ठी सक्तीची झाल्यावर हे प्रमाण २०१३ पर्यंत ११ टक्क्यांवर उतरले. मात्र त्याच काळात फ्युसिडिक ॲसिड या दुसऱ्या प्रतिजैविक मलमाला न जुमानणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण १७ वरून २८ टक्क्यांवर गेले. म्हणजे एक मलम आवरले, तरी दुसरे मोकाट सुटता कामा नये.

आपल्याकडे मार्च २०१४ पासून लागू असलेल्या, औषध नियमांतील 'एच-१' परिशिष्टामुळे अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद, डॉक्टर व रुग्णाच्या नावासह, तीन वर्षे जपून ठेवावी लागते. पण डोळे, कान व नाकाची औषधे वगळता बाह्य वापराच्या औषधांना त्यातून सूट आहे. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेल्या ट्यूबा तर नायट्यावर महिनोन्‌महिने लावल्या जातात. नायटा बुरशीमुळे होतो. तिथे प्रतिजैविकाचा उपयोग शून्य, पण त्वचेवरच्या जिवाणूंना मात्र त्या औषधाची आयती सवय लागते.

काही स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्रीची सवलत केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढून घेतली. तोच न्याय प्रतिजैविक मलमांना लावावा, आणि पुन्हा पुन्हा गळवे होणाऱ्या रुग्णाच्या पुवाची कल्चर तपासणी (जिवाणू कोणता आणि त्याला कोणते औषध लागू पडते हे पाहणारी) तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात करून मिळावी, एवढी मागणी आहे.

— एक निवृत्त फार्मासिस्ट, सांगली