बॉनी रेट यांचे यश उशिरा आले, कसब नव्हे

संपादक महोदय,

अमेरिकन ब्लूज-रॉक गायिका बॉनी रेट यांच्याविषयी लिहिताना दोनच प्रसंगांवर सारा भर असतो: फेब्रुवारी १९९० मध्ये एका रात्रीत मिळालेली चार ग्रॅमी आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बियॉन्से, अडेल, टेलर स्विफ्ट स्पर्धेत असताना मिळालेला 'साँग ऑफ द इयर' हा ग्रॅमी. आधीची वर्षे 'खडतर काळ' म्हणून दोन ओळींत उरकतात आणि चाळिशीत नशीब फळफळले असा वाचकाचा समज होतो. ज्या अल्बमने १९९० ची ग्रॅमी आणली, तो 'निक ऑफ टाइम' त्यांचा दहावा स्टुडिओ अल्बम होता.

पहिला अल्बम १९७१ चा. मिनेसोटातील लेक मिनेटोंकाच्या एका बेटावर, रिकाम्या उन्हाळी शिबिराच्या जागेत तो फक्त चार ट्रॅकवर (ध्वनिफितीवरच्या स्वतंत्र पट्ट्यांवर) ध्वनिमुद्रित झाला. सगळे एकत्र वाजवत असले की एकाच्या माइकमध्ये दुसऱ्याचे वाद्य शिरते. नंतर कुणाची चूक वेगळी काढून दुरुस्त करता येत नाही. एकविशीतल्या रेट तिथे टिकल्या, कारण गळा आणि हात दोन्ही तयार होते. फ्रेड मॅकडॉवेल यांच्यासारख्या ब्लूजमधल्या बुजुर्गांकडून त्या स्लाइड, म्हणजे बोटात घातलेली नळी गिटारच्या तारांवर सरकवत वाजवणे, शिकल्या होत्या.

या स्लाइडबद्दल फारच कमी लिहिले जाते, म्हणून थोडे सविस्तर. करंगळीत नळी घातली तर तीन बोटे कॉर्डसाठी (एकत्र वाजणाऱ्या स्वरांसाठी) मोकळी राहतात, म्हणून अनेक शिक्षक तसे सांगतात. रेट मात्र काचेची नळी मधल्या बोटात घालतात. त्यांचे वादन बरेचसे ओपन ए मध्ये असते, म्हणजे तारा न दाबता छेडल्या तरी ए कॉर्ड वाजेल अशा लावणीत: नेहमीच्या लावणीतून चौथी, तिसरी आणि दुसरी तार प्रत्येकी दोन फ्रेट (गिटारच्या दांडीवर धातूच्या पट्ट्यांनी पाडलेली घरे) वर चढवायची. ताण वाढतो, जुनी तार तुटू शकते. ॲकूस्टिक गिटारवर सहावी, पाचवी आणि पहिली तार तेवढीच उतरवून ओपन जी लावावी आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) चढवावा, सूर तेच मिळतात. नळी फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर हवी, मागे राहिली की सूर उतरतो. दाब जास्त झाला की तार पट्टीवर आपटून खडखडते. नळीमागच्या बोटाने तारा हलक्या दाबल्या नाहीत तर मागचा भाग वेगळाच नाद करतो. रेट यांची मींड ऐका, सुरावर पोचल्यावरच कंप सुरू होतो. हे पुरस्काराच्या रात्री येत नाही.

१९८३ मध्ये वॉर्नर ब्रदर्स या रेकॉर्ड कंपनीने त्यांच्याशी असलेला करार संपवला. तयार झालेला अल्बम काही गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करून १९८६ मध्ये बाजारात आला. मग कॅपिटल ही कंपनी आणि निर्माते डॉन वॉज आले. वॉज यांनी वाद्यमेळ आवरता ठेवला आणि आवाज पुढे आणला. बदलले ते एवढेच. २०१२ पासून त्या स्वतःच्या रेडविंग रेकॉर्ड्समधून अल्बम काढतात.

दुसरा गैरसमज जास्त खटकतो. त्या इतरांची गाणी उत्तम गातात आणि वयाच्या ७३ व्या वर्षी एकदम गीतकार ठरल्या, असे सांगितले जाते. इतरांची गाणी त्या गातात हे खरेच. 'आय कान्ट मेक यू लव्ह मी' माइक रीड आणि ॲलन शँब्लिन यांचे आहे. 'साँग ऑफ द इयर' मात्र गीत-संगीत रचणाऱ्याला मिळतो आणि तो मिळवणारे 'जस्ट लाइक दॅट' त्यांनी एकट्यांनी रचले. एका मातेच्या मृत मुलाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत धडधडते, ही त्यातली कथा एका बातमीवरून सुचली. पण 'निक ऑफ टाइम'चे शीर्षकगीतही त्यांचेच आहे. आणि १९७२ च्या 'गिव्ह इट अप' अल्बमचे पहिलेच गाणे लावून पाहा: शब्द, चाल आणि स्लाइड, तिन्ही रेट यांची आहेत.

– एक वाचक