भाऊसाहेब, आत्याचं नाव नोंदवल्याबद्दल

भाऊसाहेब, सप्रेम नमस्कार.

प्रधानमंत्री आवास योजनेतून आत्याचं घरकुल झालं की पेढे घेऊन यायचं मनात होतं. पण यादी मंजूर व्हायची तेव्हा होईल, आभार कशाला अडवून ठेवायचे?

2011 च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवेळी आत्या आणि काका भिवंडीकडे वीटभट्टीवर होते. घराला कुलूप, नाव यादीत यायचं राहिलं. पुढे अशा सुटलेल्या घरांसाठी 2018 चं आवास प्लस सर्वेक्षण आलं. आलेल्या माणसाने दारातूनच फ्रिज पाहिला आणि विषय संपला. फ्रिज असलेलं घर योजनेतून बाद, असा तेव्हा नियमच होता. तो फ्रिज ठाण्यातल्या एका सोसायटीने भंगारात काढलेला, कॉम्प्रेसर नसलेला! उंदीर लागू नयेत म्हणून आत्या त्यात तांदूळ, रेशनकार्ड आणि काकांच्या मृत्यूचा दाखला ठेवते. कुडाचं एका खोलीचं घर, बाई एकटी, जमिनीचा तुकडा नाही. वंचिततेचे निकष 7, त्यातले किती तिला लागू पडतात ते तुम्हीच मोजलेत. पण आधी बघतात वगळायचे निकष, आणि तिथेच नाव कापलं जातं. वस्तूंवरून गरिबी ठरवायची तर ती वस्तू चालू की बंद, एवढं तरी विचारावं ना?

यावेळी तुम्ही मात्र वाकून आत शिरलात आणि फ्रिजचं दार उघडून पाहिलंत.

2024 मध्ये फ्रिज, दुचाकी, लँडलाइन, मासेमारीची होडी या अटी काढल्या, महिन्याच्या कमाईची मर्यादा 10 हजारांवरून 15 हजारांवर नेली, हे आमच्या पाड्यावर कोण सांगणार होतं? तुम्ही ग्रामसभेत ते सगळ्यात आधी वाचलंत, बाया मजुरीला निघून जायच्या आत.

आणि नाव नोंदवताना मोबाईलवर चेहरा ओळखायची ती कसरत! अंधारात मोबाईल आत्याला ओळखेना. "आजी, डोळे मिटा, उघडा," म्हटल्यावर ती मिटूनच बसली. शेवटी तुम्ही हाताला धरून तिला अंगणात आणलंत, तेव्हा कुठे नोंद झाली. ती अजून विचारते, "त्यांनी माझा फोटो कशाला नेला?"

ग्रामसभेत यादीची पडताळणी कधी आहे तेवढं कळवा. ठाण्याहून सकाळची कसारा लोकल पकडून आसनगावला उतरेन. कागद कुठले लागतील तेही सांगा. सगळे फ्रिजमध्ये आहेत.

आपला नम्र,
आत्याचा भाचा, ठाणे