कुमानोला निघण्याआधी: आई-बाबांना पत्र

ओसाका

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

नोव्हेंबरात क्योतोची गर्दी लवकर आटपून तानाबे आणि तिथल्या डोंगरातलं तीर्थक्षेत्र कुमानो इथे चार रात्री काढायच्या, हे फोनवर ठरलं. त्यावर बाबांनी विचारलं, "त्या आडगावात इंग्रजी कोणाला येणार?" प्रश्न रास्त आहे, पण परदेशी पाहुण्यांचं तिथे भाषेवाचून फारसं अडत नाही. अडतं ते घड्याळापाशी आणि सुट्या पैशांपाशी. त्या दोन्हींची तयारी घरूनच करून यावी लागते, म्हणून एवढं लांबलचक लिहिते आहे.

आधी गाव कुठलं ते नीट समजून घ्या, कारण पहिली चूक तिथेच होते. तानाबे वाकायामा प्रांतात, 'की' नावाच्या द्वीपकल्पाच्या समुद्रकाठी आहे. स्टेशनचं नाव 'की-तानाबे'. क्योतोजवळ 'क्योतानाबे' नावाचं वेगळंच शहर आहे आणि फोनवर नुसतं तानाबे शोधलं की लोक तिकडे जाऊन पोचतात. तसंच 'कुमानो-शी' हे स्टेशन शेजारच्या मिए प्रांतातलं. आपल्याला जायचंय त्या कुमानो होंगू देवस्थानाशी त्याचा संबंध नाही. देवस्थानापर्यंत रेल्वे नाहीच, तिथे बसनेच जावं लागतं.

2005 साली आसपासची गावं-खेडी तानाबेत विलीन झाली. त्यामुळे कागदोपत्री हे शहर हजार चौरस किलोमीटरहून मोठं, लोकवस्ती सत्तरेक हजारांची आणि बहुतेक सगळा डोंगर. कुमानोच्या यात्रावाटा 2004 मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यानंतर इथल्या पर्यटन कार्यालयाने एक शहाणपणाचं काम केलं: पाट्या, नकाशे आणि बसचे थांबे यांवर प्रत्येक ठिकाणाचं इंग्रजी नाव एकाच पद्धतीने लिहायचं ठरवलं. पूर्वी एकाच देवळाची तीन-तीन स्पेलिंगं असायची. खानावळवाल्या आजी-आजोबांना त्यांनी बोट दाखवून बोलायचे तक्तेही दिले: जेवण किती वाजता, आंघोळ कधी, काय खात नाही. त्यामुळे ऑस्ट्रेलिया-युरोपातून एकेकटे येणारे लोकही इथे बिनघोर फिरतात. स्टेशनला लागूनच माहिती केंद्र आहे. तिथे बसचं छापील वेळापत्रक मिळतं, ते पहिल्यांदा घ्या आणि बाबांच्या खिशात राहू द्या.

ओसाकाहून 'कुरोशिओ' नावाची एक्सप्रेस सव्वादोन तासांत की-तानाबेला पोचते. जाताना उजव्या हाताच्या खिडक्या मागून घेईन, समुद्र त्या बाजूला आहे. मोठ्या बॅगा मात्र तानाबेच्या पुढे न्यायच्या नाहीत. डोंगरातल्या बसमध्ये त्या ठेवायला जागा नसते आणि खानावळीचा जिना अरुंद असतो. स्टेशनजवळ सामान ठेवायची सोय आहे. दोन दिवसांचे कपडे आणि औषधं पाठीवरच्या पिशवीत घ्या, बस्स.

आता बस. होंगूपर्यंत साठेक किलोमीटर, दोन तास, वळणावळणाचा रस्ता. आई, बस लागायची गोळी तानाबेतच घेऊन ठेव, मध्ये वेळ मिळत नाही. दिवसाकाठी मोजक्याच गाड्या आणि शेवटची संध्याकाळच्या आत. 'दुपारी निघू, पोचू सावकाश' असं म्हणणारे परदेशी पाहुणे नेमके इथेच फसतात, मग टॅक्सीचं भाडं ऐकून घाम फुटतो. म्हणून आपण पहिली रात्र तानाबेत काढून सकाळच्या गाडीने निघणार.

चढायचं मागच्या दाराने. दारातल्या पेटीतून आकडा छापलेली छोटी चिठ्ठी बाहेर येते, ती दोघांनी वेगवेगळी ओढून घ्यायची. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक फलक असतो. त्यावर प्रत्येक आकड्याखाली भाडं दिसतं आणि थांबे मागे पडतील तसं ते वाढत जातं. उतरताना आपल्या आकड्याखालची रक्कम आणि चिठ्ठी पुढच्या पेटीत टाकायची, मोजून. जास्त टाकलेले पैसे परत मिळतील असं धरू नका. सुटे नसतील तर त्याच पेटीच्या बाजूला हजाराची नोट घालायची फट आहे, तिथून नाणी निघतात. ती आधी काढायची आणि मग भाडं भरायचं. दहा हजारांची नोट तिथे चालत नाही. होंगूचं माणशी भाडं 2,000 येनच्या वर जातं, तेव्हा हजाराच्या नोटा आणि शंभराची नाणी वेगळ्या बटव्यात ठेवा. आणि बस पूर्ण थांबेपर्यंत जागेवरून उठू नका. आपल्याकडे थांबा यायच्या आधीच दाराशी जायची सवय असते. तिथे ड्रायव्हर माइकवरून "बसून राहा" म्हणतो आणि तुमच्यासाठी थांबतोही.

रोख पैसे तानाबेतच काढून घेऊ. टपाल कचेरीच्या आणि सेव्हन-इलेव्हन दुकानातल्या एटीएममध्ये परदेशी कार्ड चालतं, डोंगरात त्याचा भरवसा नाही. दोन वेळच्या जेवणासह खानावळीचे माणशी रात्रीला 10 ते 15 हजार येन धरा, आणि पुष्कळ ठिकाणी ते रोखच लागतात.

या खानावळींना मिन्शुकू म्हणतात, घरगुतीच असतात. चार-सहा खोल्या आणि स्वयंपाकघरात बहुधा एकच बाई. त्यामुळे तीन ते पाचच्या दरम्यान पोचायचं आणि सहाच्या सुमारास जेवायचं, हे नियम सवडीने पाळायचे नाहीत. उशीर होणार असेल तर फोन करायलाच हवा, नाहीतर पाहुणा डोंगरात चुकला असं समजून घरचे काळजीत पडतात. दारातच बूट काढायचे, आतल्या सपाता घालायच्या, आणि चटईच्या खोलीत शिरताना त्याही बाहेर. संडासातल्या सपाता वेगळ्या असतात आणि त्या तशाच पायात घेऊन बाहेर येणं ही परदेशी लोकांची नेहमीची फजिती. अंथरूण जमिनीवर असतं. बाबांच्या गुडघ्यांसाठी पलंगाची खोली मिळते का ते मी पाहते आहे, पण अशा खोल्या अगदी थोड्या आहेत. निदान जेवायला खुर्ची मिळेल असं आधीच लिहून कळवता येतं.

आई, तुझ्या जेवणाबद्दल सविस्तर लिहिते. जपानी स्वयंपाकात मांस टाळणं सोपं, मासा टाळणं अवघड. कारण तो दिसत नाही. कात्सुओ नावाचा मासा सुकवून, धुरावून, लाकडासारखा कडक करून त्याचा कीस काढतात आणि तो गरम पाण्यात घालून 'दाशी' हे पाणी तयार करतात. मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप, उडोन शेवयांचा रस्सा, उकडलेली भाजी, अगदी पालकावर घातलेलं पाणीसुद्धा दाशीचंच. मासा ताटात नाही म्हणजे जेवण शाकाहारी, असं तिथली बाई मनापासून समजते. तेव्हा 'व्हेजिटेरियन' हा शब्द पुरत नाही. मांस नाही, मासा नाही, कात्सुओची दाशीही नाही. कोंबू म्हणजे समुद्रशेवाळाची किंवा शिताके अळंबीची दाशी चालेल, असं खोली घेतानाच लिहावं लागतं. ताटावर बसल्यावर सांगून काही उपयोग नाही. दाशी आधीच करून ठेवलेली असते आणि जवळ दुकान नसतं. मग भात, तोफू आणि उमेबोशी (उमे नावाचं आंबट फळ खारवून केलेलं लोणचं) एवढ्यावर रात्र काढावी लागते. काही खानावळी 'आम्हाला जमणार नाही' असं स्पष्ट कळवतात. मला ते आवडतं, आपण दुसरीकडे जातो. बाबा मासे खातात, त्यांची चैन आहे. त्यांचं ताट वेगळं सांगेन.

उमेबोशी ही इथली खास वस्तू. तानाबे आणि शेजारचं मिनाबे यांच्या टेकड्यांवर उमेच्याच बागा आहेत. जूनमध्ये पिकलेली फळं झाडाखाली पसरलेल्या जाळ्यांवर पडतात, ती मिठात मुरवून मग उन्हात वाळवतात. बाबा, तुमच्या रक्तदाबासाठी सांगते: 'शिराबोशी' या जुन्या पद्धतीच्या फळात वीसेक टक्के मीठ असतं. मधातली 'हाचिमित्सु' आठ टक्क्यांच्या आसपास असते, ती घ्या, आणि तीही एका जेवणाला एकच. आई, मधातल्या काही प्रकारांत कात्सुओ घातलेला असतो, पाकिटावर बघून घेऊ.

चालण्याचं असं आहे. ताकिजिरीपासूनची जुनी वाट पहिल्याच टप्प्यात छातीवर येते, तिच्या वाटेला जायचं नाही. तुमच्यासाठी होश्शिन्मोन-ओजी (ओजी म्हणजे यात्रावाटेवरचं छोटं देवस्थान) ते होंगू हा टप्पा योग्य: सात किलोमीटर, बहुतेक उतार, सावकाश चालून तीन-साडेतीन तास. होंगूहून सकाळच्या बसने वर जायचं आणि पायी खाली यायचं. सुरुवातीला खेड्यातला डांबरी रस्ता आहे. घरांपुढे फळ्यांवर चहाची पानं, उमेबोशी, लाकडी वस्तू मांडलेल्या असतात, माणूस कोणी नसतो, शंभराचं नाणं डब्यात टाकायचं. पुढे देवदारासारख्या सुगी वृक्षांचं रान लागतं. तिथे मुळांवर आणि दगडांवर पाय घसरतो, पाऊस पडून गेल्यावर तर फारच. काठी दोघांनाही हवी. उतारावर गुडघे जास्त बोलतात.

वाटेत फुशिओगामी-ओजी येतं. यात्रेकरूंना दुरून होंगू पहिल्यांदा दिसायचं ते इथून, आणि ते जमिनीवर डोकं टेकायचे. आपल्या वारीत वेळापूरच्या धाव्याला जे स्थान आहे, तेच याचं. चहाची जागा आणि स्वच्छतागृह दोन्ही तिथे आहेत. अर्धा तास बसाच.

ताकिजिरीपासून होंगूपर्यंत दर पाचशे मीटरवर क्रमांकाचा खांब आहे, 1 ते 75. पाय मुरगळला तर फोनवर फक्त शेवटचा क्रमांक सांगायचा. चुकीच्या फाट्यावर 'ही कुमानो वाट नव्हे' अशी इंग्रजी पाटी असते. ती दिसली की मागे फिरा. नोव्हेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, पण दाट झाडीत चारलाच अंधारून येतं. म्हणून दुपारी दोनपर्यंत खाली. अत्तर आणि वासाचं तेल त्या दिवशी नको, कपडेही काळे नकोत: शरदात तिथल्या मोठ्या गांधीलमाश्या चिडलेल्या असतात आणि काळ्या रंगावर व उग्र वासावर येतात.

या दिशेने आलं की आणखी एक फायदा. होंगूच्या देवळाला समोरून 158 दगडी पायऱ्या आहेत, पण वाट मागच्या बाजूने आत शिरते. म्हणजे त्या चढायच्या नाहीत, फक्त उतरायच्या. देऊळ मूळचं खाली, नदीच्या वाळवंटात होतं. 1889 च्या पुरात बरंच वाहून गेलं, उरलेलं वर आणून बांधलं. जुन्या जागेवर 2000 साली उभारलेली तोरी कमान जवळजवळ 34 मीटर उंच आहे. तिथपर्यंत सपाट रस्ता आहे.

मुक्काम युनोमिनेला करू. ओढ्याकाठी गरम झऱ्यांचं एवढंसं गाव. झऱ्याचं पाणी नव्वद अंशांच्या आसपास असतं. दुकानात जाळीच्या पिशवीत अंडी, रताळी मिळतात, ती दोरीने कुंडात सोडून उकडायची. 'त्सुबोयु' ही लाकडी खोपटातली न्हाणी दोन माणसांपुरतीच आहे. तिकीटखिडकीवर क्रमांकाची पट्टी मिळते, पाळी अर्ध्या तासाची, आणि आतून कडी लावता येते. सगळ्यांसमोर विवस्त्र होण्याचा आईचा संकोच तिथे उरत नाही, दोघं एकत्र जाऊ शकता. आधी बाहेर अंग धुवायचं, मग पाण्यात. पाणी कढत असेल तर थंड पाण्याचा नळ सोडा. तीन-चार मिनिटं बसून बाहेर या, थांबा, पुन्हा बसा. जेवल्यावर लगेच नको. पाण्यात गंधक आहे, त्यामुळे चांदी काळी पडते. जोडवी आणि पैंजण तानाबेतच काढून ठेव. मंगळसूत्रही बाहेर.

परत येऊन तानाबेत एक दिवस आहे. बाबांनी मिनाकाता कुमागुसू यांचं घर बघावं. लंडनमध्ये काही वर्षं राहून आलेला हा निसर्गअभ्यासक पुढे इथेच स्थिरावला. छोटी देवळं बंद करण्याच्या सरकारी धोरणाविरुद्ध तो भांडला, कारण देऊळ गेलं की देवराई तुटते. 1929 साली त्याने सम्राटांना श्लेष्मबुरशींचे नमुने दिले, तेही कॅरमेलच्या खोक्यांतून!

डोंगरावरचं मठांचं गाव कोयासान तानाबेच्या वाटेवर नाही, ओसाकाला परतल्यावर वेगळं जाऊ. तिथल्या मठांतलं जेवण मुळातच बिनमाशाचं असतं, आईला तिथे काही विचारावं लागणार नाही. 2013 मध्ये महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यात करार झाला आणि 2015 मध्ये कोयासान विद्यापीठाच्या आवारात बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसवला, तो तिथे बघता येईल. उंचीमुळे थंडी फार असते, स्वेटर पुरत नाही.

औषधांचं शेवटी लिहिते, पण हे आधी करा. महिन्याभराच्याच गोळ्या, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. जास्त आणायच्या तर आधी परवानगी लागते. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन नाही ना, खोकल्याच्या औषधात कोडीन नाही ना, हे केमिस्टकडून बघून घ्या. ती विमानतळावरच अडकतात.

खोल्या थोड्याच आहेत, म्हणून त्या मिळाल्यावरच विमानाची तिकिटं काढू. अर्जात भरायला मला एवढं कळवा: आईला कांदा-लसूण चालेल का, अंडं चालेल का, बाबांना जमिनीवर झोपायला जमेल का, आणि रात्री औषध किती वाजता घेता, म्हणजे जेवणाची वेळ त्यांना तशी सांगता येईल.

तुमची,
मीनल