टेल्युराइड आणि टेल्युराइट यांत गल्लत नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतील सौर पॅनेलविषयीच्या लेखात ‘कॅडमियम टेल्युराइड’ऐवजी दोन ठिकाणी ‘कॅडमियम टेल्युराइट’ असे छापले गेले आहे. छपाईत हा एका अक्षराचा फरक असला, तरी रसायनशास्त्रात ते दोन निराळे पदार्थ होतात.

टेल्युराइडमध्ये टेल्युरियम हे मूलद्रव्य थेट धातूशी जोडलेले असते आणि ऑक्सिजन नसतो. टेल्युराइट व टेल्युरेट या दोहोंत ऑक्सिजन असतो. पहिल्यात टेल्युरियमची ऑक्सिडीकरण अवस्था (अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले असे मानायचे, तो आकडा) +४, तर दुसऱ्यात +६ असते. गंधकाची सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट ही संयुगे शिकलेल्या विद्यार्थ्याला ही रचना लगेच उमगते. गुणधर्मांतही मोठे अंतर आहे. सौर पॅनेलमधील कॅडमियम टेल्युराइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पोटॅशियम टेल्युराइट मात्र सहज विरघळते आणि ते विषारी आहे. घटसर्पाचे जंतू ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत ते रक्तमिश्रित अगारमध्ये (जंतू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमात) घालतात, तेव्हा हे जंतू त्याचे क्षपण करून, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून, मूळ टेल्युरियम पेशीत साठवतात आणि त्यांच्या वसाहती काळ्या-करड्या दिसू लागतात.

गंधकाशी असलेले हे साम्य सगळीकडे टिकत नाही, आणि मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. गंधकाम्लाच्या धर्तीवर टेल्युरिक आम्लातही दोन हायड्रोजन व चार ऑक्सिजन असावेत, असा कोणाचाही समज होईल. पण नेहमी मिळणाऱ्या त्याच्या पांढऱ्या स्फटिकांत टेल्युरियमच्या एका अणूभोवती सहा हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात, कारण हा अणू गंधकाच्या अणूपेक्षा बराच मोठा असल्याने त्याच्याभोवती सहा गटांना जागा मिळते. गंधकाम्ल तीव्र आहे, तर हे आम्ल अगदी सौम्य.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी शाळांतली मुले दहावीनंतर पीयूसीचे (कर्नाटकातील अकरावी-बारावीचे) विज्ञान इंग्रजीतून शिकतात. तोवर पाठ्यपुस्तकाबाहेरचे मराठी विज्ञान त्यांना मुख्यतः वृत्तपत्रांतूनच मिळते आणि पुरवणीतली कात्रणे वर्गाच्या फलकावर लागतात. म्हणून पुढच्या पुरवणीत या नावाची दुरुस्ती ठळकपणे छापावी आणि अशा संयुगाचा प्रथम उल्लेख करताना त्यात कोणकोणती मूलद्रव्ये आहेत, हेही एका ओळीत द्यावे, ही विनंती.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)