लाल दोऱ्याच्या डब्याबद्दल, मावशी

ती. मावशींस,
सा. न. वि. वि.

तुमच्याकडे डबा लावून सहा वर्षं झाली. पण दारात तुमची घाई, खाली माझी कंपनीची बस, त्यामुळे दोन शब्द नीट बोलणं राहूनच गेलं. ते आज लिहितोय, आणि चारचौघांनी वाचावं म्हणून उघडच लिहितोय. सातपूरला आमच्या मशीन शॉपमध्ये गाउटने, म्हणजे माझ्याच सांधेदुखीने, पायाचा अंगठा धरून बसलेले तिघं आहेत, आणि तिघांनीही वरण सोडलंय.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली ती रात्र. अडीचच्या सुमारास लेथवरचा तापलेला बुरा बुटात शिरावा तसा उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जाळ झाला. चादरीचा काठ टेकला तरी जीव जात होता. बाहेर नाशिकची कडाक्याची थंडी, आणि माझा एक पाय पांघरुणाबाहेर. सकाळी डबा घ्यायला आलो नाही, म्हणून तुम्ही गुडघेदुखी असून तीन जिने चढून वर आलात. अंगठा वांग्यासारखा जांभळा झालेला पाहिलात आणि रिक्षा बोलावलीत.

गाउट निघाला. युरिक ॲसिड ९.१. ते रक्तात साधारण ६.८ च्या वर गेलं की त्याचे सुईसारखे बारीक खडे सांध्यात जमू लागतात. अंगठा हा शरीरातला थंड कोपरा, म्हणून बहुतेकांना आधी तिथेच दुखतं. गोळ्यांनी सूज आठवड्यात उतरली. मग सुरू झाले लोकांचे सल्ले. डाळ बंद, टोमॅटो बंद, पालक बंद, दही बंद. मी सगळं ऐकलं. महिनाभर भात आणि बटाटा. त्यावर भूक लागायची म्हणून सुट्टीनंतर कोल्ड्रिंक आणि बिस्किटं. मार्चमध्ये अंगठा परत धरला.

तेव्हा तुम्ही चिडलात. ‘पोरा, वरणाशिवाय माणूस उभा कसा राहील? जा, डॉक्टरांना नीट विचारून ये, आणि कागदावर लिहून आण.’ मला विचारायची लाज वाटत होती, तुम्ही विचारायला लावलंत. डॉक्टर म्हणाले, डाळी-पालेभाज्यांनी हा आजार बळावल्याचं दिसत नाही, त्या खुशाल खा. कलेजी, वजडी, सुकट बंद. मटण क्वचित, तेही थोडं. बिअर, दारू नको, गोड थंड पेयं तर नकोतच. पाणी भरपूर. कडक उपवास नको, उपाशी राहिलं तरी युरिक ॲसिड चढतं. आणि आहाराने ते थोडंच उतरतं, ते उतरवणारी ॲलोप्युरिनॉलची गोळी मनाने थांबवायची नाही. हे शेवटचं वाक्य तुम्ही कागदावर पेनने दोनदा अधोरेखित केलंत.

तो कागद अजून तुमच्या ओट्यावरच्या फरशीला चिकटवलेला आहे. दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्याच्या कडीला लाल दोरा. बुधवारी सगळ्यांना मटण, माझ्या डब्यात मसुराची आमटी आणि दोन अंडी, पण वाटण तेच, सुक्या खोबऱ्याचं, चुलीवर भाजलेल्या कांद्याचं. आजाऱ्याचं जेवण आहे असं एकदाही वाटलं नाही. सोबत बाटलीभर ताक, वरची साय काढलेलं, जिऱ्याची पूड घातलेलं. कोल्ड्रिंकची सवय त्या ताकाने मोडली, माझ्या निश्चयाने नव्हे. नवरात्रात मी निरंकार उपवास धरणार म्हटलं तर तुम्ही देवीची शपथ घालून भगर आणि शेंगदाण्याची आमटी पाठवलीत. एका डब्यासाठी वेगळं भांडं चढवायचं म्हणजे काय, हे पंचवीस डबे करणाऱ्या बाईलाच ठाऊक. जास्तीचे पैसे पुढे केले तर तुम्ही हात मागे घेतलात.

दीड वर्षात वजन ८४ वरून ७७ वर आलं. मागच्या तपासणीत युरिक ॲसिड ५.६, डॉक्टरांना ६ च्या खालीच हवं होतं. गेल्या ऑक्टोबरपासून एकदाही अंगठा धरलेला नाही. यंदा श्रावणात तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी केली, अनवाणी. प्रसाद तुमच्या देवघरात ठेवला, पण कशाबद्दल ते तेव्हा सांगितलं नव्हतं.

शॉपमधल्या त्या तिघांना रविवारी तुमच्याकडे घेऊन येतोय. त्यांना तो फरशीवरचा कागद दाखवा. लाल दोरा मीच आणतो.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा