‘केशरी’ हा शब्द वहीत लिहून घेतल्याबद्दल

आदरणीय महोदया,

हे पत्र आपल्याला वाचता येणार नाही याची मला कल्पना आहे. त्यातला मजकूर माझा मुलगा आपल्याला इंग्रजीतून सांगेल. तरीही मराठीतच लिहितो आहे, कारण आपण आमच्या घरी आलात तेव्हा आमच्या भाषेतले तीन शब्द लिहून नेलेत, आणि त्याचे आभार त्याच भाषेत मानावेत असे मनात आहे.

ते २०२४ सालच्या ऑगस्टमधले दिवस होते. ३ तारखेला इथल्या, म्हणजे उत्तर आयर्लंडमधल्या, बेलफास्ट शहराच्या दक्षिण भागात बाहेरून आलेल्या लोकांची दुकाने फोडली आणि जाळली गेली होती. पूर्व बेलफास्टमधल्या आमच्या गल्लीत काही घडले नव्हते, पण मुलांना एकटे बाहेर सोडण्याचे धाडस आम्हांला होत नव्हते. अशात १५ ऑगस्टला माझ्या आठ वर्षांच्या मुलाने पातळ कागदावर तिरंगा रंगवला आणि खिडकीची काच अरुंद म्हणून तो उभा चिकटवला. घरातून पाहिले तर केशरी पट्टा डावीकडे, म्हणजे अगदी नियमानुसार. रस्त्यावरून मात्र तोच कागद उलट दिसत होता: आधी हिरवा, मग पांढरा, मग केशरी. बॉलपेनने काढलेले अशोकचक्र पलीकडून दिसणे शक्यच नव्हते. थोडक्यात, ब्रिटनशी निष्ठा सांगणाऱ्या ज्या वस्तीत विजेच्या खांबांवर ब्रिटिश झेंडे फडकतात, पदपथाच्या कडा लाल-पांढऱ्या-निळ्या रंगवतात आणि ११ जुलैच्या रात्री पेटणाऱ्या उंच होळ्यांवर आयरिश झेंडा जाळतात, तिथे आमच्या नकळत आमच्या खिडकीत आयर्लंडचा झेंडा लागला होता.

रात्री दाराच्या फटीतून चिठ्ठी आली. तिच्यातले शब्द इथे लिहीत नाही. घर ज्यांच्या मार्फत भाड्याने घेतले त्यांना फोन केला, तर ‘इथल्या राजकारणात पडू नका’ असा सल्ला मिळाला. आणखी एका कार्यालयाने हळहळ व्यक्त करून दुसरा क्रमांक दिला, आणि त्या क्रमांकावरच्या गृहस्थांनी पुन्हा पहिलाच क्रमांक दिला. दोघेही अतिशय गोड बोलले, हे कबूल केले पाहिजे.

नगरपरिषदेच्या ‘गुड रिलेशन्स’ विभागातून, म्हणजे सलोख्याचे काम पाहणाऱ्या विभागातून, आपण आलात तेव्हा मला फारशी आशा नव्हती. या प्रदेशात माणसाने स्वतःला ब्रिटिश म्हणावे, आयरिश म्हणावे की दोन्ही, हे ज्याचे त्याने ठरवावे असे १९९८ च्या इथल्या शांतता करारात लिहिले आहे. त्याच वर्षीच्या कायद्याने वेगवेगळ्या धर्मांच्या, राजकीय मतांच्या आणि वंशांच्या लोकांत सलोखा वाढावा याकडे लक्ष देणे सरकारी संस्थांवर बंधनकारक केले. पुढे २०२२ च्या कायद्यात अस्मिता आणि सांस्कृतिक अभिव्यक्ती यांसाठी वेगळ्या कार्यालयाचीही तरतूद झाली. पण ब्रिटिश बाजूचे, बहुतेक प्रोटेस्टंट, आणि आयरिश बाजूचे, बहुतेक कॅथलिक, या इथल्या दोन खणांपैकी आम्ही कोणत्याच खणात बसत नाही. ‘तुम्ही हिंदू हे समजले, पण प्रोटेस्टंट हिंदू की कॅथलिक हिंदू?’ हा इथला जुना विनोद मला अनेकांनी हसत हसत ऐकवला आहे. विनोद चांगला आहे. दहाव्यांदा ऐकताना तितका चांगला वाटत नाही.

आपण मला काहीच विचारले नाहीत. आपण मुलाशेजारी जमिनीवर बसलात आणि त्याला विचारलेत, ‘तुझ्या भाषेत या रंगांना काय म्हणतात?’ त्याने सांगितले: केशरी, पांढरा, हिरवा. आपण ते शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिलेत आणि वही त्याच्यापुढे धरून बरोबर आहे का ते पाहायला सांगितलेत. ‘पांढरा’ मधला ‘ढ’ आपल्याला जमला नाही, तरी आपण चार वेळा प्रयत्न केलात. मग त्याचा हात धरून आपण रस्त्यापलीकडे गेलात आणि भुरभुर पावसात त्याला आपलीच खिडकी पाहायला लावलीत. झेंडा काढ, असे आपण म्हणाला नाहीत. तो परत आला, त्याने स्वतःच कागद सोडवला आणि टेबल ओढून खालच्या रुंद काचेवर आडवा लावला. चक्रही या वेळी जाड निळ्या खडूने गिरवले.

मी बेळगावचा आहे. पाटीवर कोणती लिपी वर आणि कोणत्या रंगाचा झेंडा कुठल्या चौकात, यावरून तापणाऱ्या गावात मी वाढलो. आपल्या हक्कांसाठी घोषणा द्यायला मला पुष्कळांनी शिकवले, पण रस्ता ओलांडून समोरच्याला काय दिसते ते बघून ये, असे मला कोणी सांगितल्याचे आठवत नाही. मीही माझ्या मुलाला ते सांगितले नव्हते, हे लिहिताना संकोच वाटतो. सौजन्य म्हणजे गोड बोलणे, अशी माझी समजूत होती. आपण त्या दिवशी फार कमी बोललात.

आपण त्यानंतर शेजाऱ्यांना भेटलात, त्यांच्याशी काय बोललात ते मी विचारले नाही. मात्र पुढच्या वर्षी १२ जुलैच्या सकाळी समोरचे आजोबा खांद्यावर ऑरेंज ऑर्डर या ब्रिटननिष्ठ प्रोटेस्टंट संघटनेचा पट्टा घालून संचलनाला निघाले असताना आमच्या फाटकाशी थांबले. पट्ट्यावर बोट ठेवून त्यांनी मुलाला अडखळत विचारले, ‘केशरी?’ मुलाने जवळ जाऊन नीट निरखले आणि गंभीरपणे सांगितले, ‘नाही, हा नारिंगी.’ आपल्या वहीत तेवढा एक शब्द वाढवून घ्यावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
पूर्व बेलफास्टमधील एक रहिवासी